जुनी गाडी घेण्यापूर्वी

संत्र्याचा बहार विकून हातात चार पैसे आले की पांढुर्णा-सौंसर भागातल्या पुष्कळ घरांत हल्ली गाडीचा विषय निघतो. निव्वळ हौस म्हणून नव्हे. रात्रीबेरात्री आजारी माणसाला नागपूरला न्यायचे झाले तर भाड्याची गाडी शोधण्यातच तास जातो. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली जुनी पाहिली जाते. आम्हीही तशीच घेतली. पहिलीच असल्यामुळे शहाणपण थोडे आधी आले, बरेच नंतर.

आम्हांला प्रथम दाखवलेल्या गाडीच्या मीटरवर ६२ हजाराचा आकडा होता. पण क्लचच्या पेडलचे रबर पार गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगही घासून चकचकीत. आमच्या मिस्त्रीने दप्तरखणात हात घातला तेव्हा तीन वर्षांपूर्वीचे सर्व्हिसचे बिल सापडले. त्यावर १ लाख १८ हजार किलोमीटर लिहिलेले! विकणारा गृहस्थ काही बोलला नाही, आम्हीही नमस्कार करून उठलो. पुढे घेतलेली गाडी १ लाख ६० हजार धावलेली होती, पण तिची सगळी बिले जपून ठेवलेली होती. मीटर मागे फिरवता येतो. जुन्या बिलांची चळत खोटी करणे त्यामानाने कठीण.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंडच ठेवायला आधी सांगून ठेवावे. तापलेले इंजिन आपले दुखणे लपवते. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असल्याची शंका घ्यावी. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल जाळत आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी टायर जुना असू शकतो. मिस्त्री मात्र आपला न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे. त्याची दिवसाची मजुरी द्यायला कुरकुरू नये.

आपल्याकडे बऱ्याच गाड्या नागपूरहून येतात, आणि खरी अडचण तेथेच होते. महाराष्ट्राच्या पाटीची गाडी आपल्या नावावर करायची तर आधी तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, मग इकडे मध्यप्रदेशचा कर भरावा लागतो. सौदा ठरवतानाच हा खर्च किमतीत धरावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नावावर करण्याचा अर्ज घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते. सह्या केलेले २९ व ३० नंबरचे फॉर्म कपाटात ठेवून वर्षानुवर्षे गाडी चालवणारे आपल्यात आहेत. त्यांना, आणि त्यांना गाडी विकणाऱ्यांनाही, सांगावेसे वाटते की सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघाताच्या एका खटल्यात ज्याच्या नावाची नोंद आहे त्यालाच मालक धरले. गाडी विकून मोकळा झालो असे समजणारा मोकळा झालेला नसतो.

आमची चूक वेगळीच झाली. होते नव्हते तेवढे पैसे आम्ही किमतीत घातले, दुरुस्तीला काही राखले नाही. महिन्याभरातच आईचे डोळे दाखवायला छिंदवाड्याला निघालो आणि सिल्लेवानीच्या घाटात पाण्याचा जुना होजपाइप फुटला. भर मे महिन्याची दुपार. घाईघाईत रेडिएटरचे झाकण उघडायला आम्ही हात घातला, तेवढ्यात मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हटकले म्हणून चेहरा वाचला. आत उकळते पाणी दाबाखाली असते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत त्या झाकणाला हात लावू नये. आई दोन तास सागाच्या विरळ सावलीत बसून होती.

होजपाइप, बेल्ट, ऑइल, फिल्टर, ब्रेकचे पॅड हे सारे गाडी घेतल्या आठवड्यातच बदलायला हवे होते. आता कोणी विचारले तर आम्ही सांगतो : जवळ दोन लाख असतील तर दीड लाखाची गाडी बघा. आणि उन्हाळ्यात पाण्याचा कॅन मागच्या डिकीत न ठेवता हाताशी ठेवा, तहानेलाही लागतो.