ओळख मेन्यूकार्डाची – लेखांक ७ : कमी तिखट काय मागवावं?

मागच्या आठवड्यात आपण तंदूरच्या भट्टीपाशी होतो, आज ग्रेव्हीकडे वळू. आजीला, लहान मुलांना किंवा पित्ताचा त्रास असलेल्या कुणाला घेऊन हॉटेलात गेलं की टेबलावर पहिला प्रश्न येतो, कमी तिखट काय आहे? मग आपण वेटरला सांगतो, "दादा, तिखट जरा कमी करायला सांगा." तो मान डोलावतो आणि तरीही आजीच्या डोळ्यांत पाणी येतं. यात वेटरची चूक नसते.

आपल्याकडच्या पंजाबी जेवण देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत प्रत्येक भाजी मुळापासून शिजत नाही. ग्रेव्हीची पातेली आधीच तयार असतात. ऑर्डर आली की आचारी कढईत तेल किंवा बटर घालतो, आलं-लसूण परततो, पळीने ग्रेव्ही ओततो, वरून मिरचीपूड आणि मसाला टाकतो, मग पनीर किंवा भाजी. तुमचं 'कमी तिखट' या वरून टाकायच्या मिरचीपुरतंच लागू पडतं. ग्रेव्हीत आधीच शिजलेली मिरची कुणालाही काढता येत नाही. म्हणून निवड करायची ती ग्रेव्हीची.

सगळ्यात सौम्य ती पांढरी : काजू, मगज आणि उकडलेला कांदा. मलई कोफ्ता, मेथी मटर मलई, नवरतन कुर्मा सहसा हिच्यात होतात. तिच्यानंतर मखनी : टोमॅटो, काजू, बटर, कसुरी मेथी. पनीर बटर मसाला हिच्यातलाच. कांदा लालसर परतून केलेल्या ग्रेव्हीत मात्र मिरचीपूड मुळातच असते. कढाई, कोल्हापुरी, हंडी अशी नावं दिसली की भाजी बहुधा याच पातेल्यातली समजावी. कढाईवर तर अख्ख्या मिरच्या आणि धणे भरडून पडतात.

आता रंगाबद्दल, कारण फसगत इथेच होते. मखनी लालभडक दिसते म्हणून लोक ती टाळतात. पण तो रंग टोमॅटोचा आणि काश्मिरी मिरचीचा. काश्मिरी काय किंवा कर्नाटकातली ब्याडगी काय, या मिरच्या रंग भरपूर देतात, तिखटपणा बेताचा. उलट हिरवागार हरियाली कबाब डोळ्यांना थंड वाटतो, आणि त्यात पुदिना-कोथिंबिरीबरोबर हिरवी मिरची वाटलेली असते. कोल्हापूरचा पांढरा रस्सा तांबड्यापेक्षा सौम्य खरा, पण त्यातही मिरी किंवा हिरवी मिरची असू शकते. लहान मुलाला देण्याआधी स्वतः एक घोट घ्यावा. नागपूरकडे सावजी मटण मागवताना कमी तिखटाचा विचारच करू नये, तिथे तिखट हाच पदार्थाचा प्राण आहे. दाक्षिणात्य हॉटेलात केरळी इश्टू आणि आप्पम मिळत असेल तर जरूर मागवा. नारळाच्या दुधातला तो रस्सा इतका हळुवार असतो, की कमी तिखट खाणाऱ्याला आपण काही गमावतोय असं वाटतच नाही.

मिरचीतला झोंबणारा घटक कॅप्सेसिन. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. म्हणूनच डाळ तडक्यावर किंवा मिसळीवर जो लाल तवंग दिसतो, त्यात तिखट एकवटलेलं असतं. डाळ वाढताना तवंग बाजूला सारून पळी खोल घाला, फरक लगेच कळेल. त्याहून सोपं म्हणजे तडका न देता साधी डाळ मागायची. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत मागायचा. तोंड भाजलंच तर पाण्याने भागत नाही. दूध, दही किंवा लस्सी हवी, कारण दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून दूर नेतं.

आणखी एक. जिभेवरचा जो संवेदी ग्राहक (रिसेप्टर) कॅप्सेसिन ओळखतो, तोच साधारण ४३ अंश सेल्सिअसवरची उष्णताही ओळखतो. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. वाफाळती भाजी अधिक तिखट लागते ती यामुळे. मुलांच्या ताटातली भाजी जरा निवू द्यावी.

हॉटेलवाले 'जैन' जेवणाची सोय किती निगुतीने करतात! कांदा-लसूण वगळून वेगळी ग्रेव्ही ठेवतात. तेवढीच आस्था कमी तिखट खाणाऱ्यांना मिळायला हवी. त्यांना दहीभातावर भागवावं लागू नये. तोवर वेटरला "तिखट कमी करा" म्हणण्याऐवजी "ही भाजी कुठल्या ग्रेव्हीत करता?" असं विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर तो आत जाऊन विचारून येईल.

(पुढील लेखांकात : थाळी)