सहासष्ट दिवस

शाळेत आम्हाला १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख पाठ असे. प्रतापगड, अफझलखान, वाघनखे. त्याच वर्षीची ५ सप्टेंबर मात्र आम्हाला कोणी विचारली नाही. त्या दिवशी राजगडावर सईबाई गेल्या. फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजीराजांची पहिली पत्नी. मागे तीन मुली आणि सव्वादोन वर्षांचे संभाजीराजे. राजे अवघे २९ वर्षांचे. या दोन तारखांमधले अंतर सहासष्ट दिवसांचे. बँकेच्या नोकरीत व्याजाचे दिवस मोजण्याची सवय जडली होती, म्हणून हा हिशेब एकदा केला आणि मन तिथेच अडकून राहिले.

पंचविशीत मी बदली होऊन भोरच्या शाखेत आलो. नीरेचा काठ, पंतसचिवांचा राजवाडा आणि शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक. दुपारी कुलूप लागले की आम्ही चार-पाच जण वेल्ह्याच्या बाजूला निघायचो. राजगड चढायचा, पद्मावतीच्या देवळात पथारी टाकायची. देवळासमोरच सईबाईंची समाधी आहे. तिच्याजवळ बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या, रात्री उशिरापर्यंत गाणी म्हटली. तरुणपणी समाधी दिसते, तिच्यातले माणूस दिसत नाही. त्यात गैर काही नाही. ते वयच वर बालेकिल्ल्याकडे बघण्याचे असते.

१९९३च्या फेब्रुवारीत माझी पत्नी आजारपणात गेली. मुलगी तीन वर्षांची होती. तेरावा झाला आणि मी शाखेत हजर झालो, कारण मार्चअखेर तोंडावर आली होती. ‘काय काळीज म्हणायचे या माणसाचे!’ असे कोणीतरी बोलल्याचे कानावर आले. रात्री दहा-दहापर्यंत खतावण्या जुळवताना मला एक गोष्ट उमगली. दुःख ओसरल्यावर माणूस कामाला लागतो, असे नसते. काम दाराशी येऊन उभे राहते आणि दुःखाला सोबत घेऊनच उठावे लागते. माझी मार्चअखेर आणि राजांची मोहीम यांची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण त्यानंतर प्रतापगडाची गोष्ट मला लहानपणासारखी ऐकता आली नाही. शामियान्याकडे चालत गेलेल्या त्या तरुणाने दोन महिन्यांपूर्वीच आपली पहिली पत्नी गमावली होती, हे मला विसरता येईना.

मग घर कोण सांभाळते? त्याचेही उत्तर याच मुलखात आहे. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती खालावली, तेव्हा संभाजीराजांना दूध पाजायला आली ती कापूरहोळची धाराऊ. भोर तालुक्यातली एक शेतकरी बाई. पुढे जिजाबाईंनी नातवाला वाढवले. इतिहासाच्या मोठ्या पानामागे अशी दोन-तीन बायकांची माया उभी असते.

माझ्या घरी ती माया तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावातून आली. पोरीला सांभाळायला म्हणून आलेल्या त्या बाईला आम्ही सगळे मावशी म्हणू लागलो. चौदा वर्षे ती आमच्याकडे होती. पोरीच्या वेण्या तिने घातल्या, गोवरात रात्री तिने जागवल्या. वयात येताना आईने जे सांगायचे असते, तेही तिनेच सांगितले. घरातल्या फोटोंत मावशी फारशी नाही. फोटो काढायच्या वेळी ती नेहमी चहा ठेवायला आत गेलेली असे.

दर नवरात्रात मावशी गावी जायची आणि तोरणा चढून मेंगाईची ओटी भरायची. पत्नी गेल्यापासून देवापुढे हात जोडणे मी सोडून दिले होते. मी एकदा जरा तिरकसपणेच विचारले, “मावशी, एवढा गड चढता, देवीकडे मागता तरी काय?”

ती म्हणाली, “मागाया न्हाय जात, सायेब. सांगाया जाते.”

काय सांगायची? पोरगी दुसरीत गेली. ताप उतरला. भात बरा पिकला. सायेब आता जेवत्यात नीट. वर्षभराचा हिशेब ती देवीच्या पायाशी मांडून यायची. श्रद्धेची याहून सरळ व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडली नाही. तेव्हापासून मीही देवाला काही मागत नाही. रात्री दिवा मालवण्याआधी गेलेल्या माणसाला दिवसभराचे सांगतो, इतकेच. त्याने घर रिकामे वाटत नाही.

वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. आनंदच आहे. रविवारी गडावर तरुण मुलामुलींची रीघ लागते, त्याचाही आनंद आहे. त्यांना उपदेश करण्याचे माझे वय झाले असले, तरी इच्छा नाही. घोषणा जरूर द्याव्यात, बालेकिल्लाही जरूर गाठावा. पण पद्मावतीच्या देवळासमोर दोन मिनिटे आवाज खाली आणावा. आणि भोरला जाताना कापूरहोळचा फाटा आला, तर बरोबरच्या मुलांना धाराऊ कोण होती, ते सांगावे. आपल्या घरात अशी एखादी मावशी असेल, तर पुढच्या फोटोत तिला हाताला धरून मध्ये बसवावे. चहा काय, कोणीही ठेवील.