एरंडाच्या बीएवढा गोचीड

गाईच्या कासेवरून ओढून काढलेली, रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडाची मादी तळहातावर घेऊन पाहा. हुबेहूब एरंडाची बी. लॅटिनमध्ये 'रिसिनस' म्हणजे गोचीड. एरंडाला ते नाव पडले ते याच साम्यावरून. या बीच्या पोटात रक्ताबरोबर कोणते जंतू आहेत हे शोधणे फार चिकाटीचे काम आहे.

ते कशासाठी करायचे, हे दूधधंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. संकरित गाय चारा सोडते, अंग तापते, खांद्यापुढची गाठ सुजते, दूध आटते. हा 'गोचीड ताप', थायलेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारा. लघवी लाल झाली की संशय बबेसियावर. गोचिडामार्फत जनावरांना रोग होतो हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिले. (दोडामार्गचा माकडतापही गोचिडातूनच येतो, पण त्याचा विषाणू आरएनएचा, त्यामुळे त्याची तपासणी वेगळी.) आजारी गाईचे रक्त तपासता येते. पण गाय पडायच्या आधीच गोठ्यात काय फिरते आहे हे कळायला हवे असेल, तर गोचिडाचाच डीएनए काढावा लागतो.

गोचीड तो सहजासहजी देत नाही. त्याचे कवच कायटिनचे. पेशी फोडणारी रसायने त्यावर नुसती ओतून भागत नाही, आधी कवच फोडावे लागते. कोणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलबत्त्यात कुटतात, कोणी बारीक मण्यांसोबत नळीत घालून यंत्रावर जोरात हलवतात, कोणी पात्याने चिरतात. माझ्या मते पुढची पद्धत कोणतीही असो, अर्धी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

सगळ्यात स्वस्त पद्धत अमोनियाची. अमोनियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गोचीड घालायचा, झाकण घट्ट लावून उकळायचा, मग झाकण उघडून अमोनिया उडवून लावायचा. तासाभरात काम होते. मिळणारे द्रावण गढूळ असते, फार दिवस टिकत नाही. पण तिळाएवढ्या पिलाच्या बाबतीत ही पद्धत उपयोगी पडते, कारण सगळे एकाच नळीत घडते आणि हातातून काही निसटत नाही.

फिनॉल-क्लोरोफॉर्मने डीएनए भरपूर आणि स्वच्छ मिळतो. मात्र फिनॉल कातडी जाळतो, आणि वरचा थर एका नळीतून दुसरीत घेताना दरवेळी थोडा माल मागे राहतो. मोठ्या मादीत ते खपते, पिलात नाही. सिलिकाच्या चाळणीवर डीएनए धरून ठेवणारे तयार किट आज बहुतेक ठिकाणी वापरतात. १९९० साली रेने बूम आणि सहकाऱ्यांनी मांडलेले तत्त्वच त्यामागे आहे. प्रोटिनेज के या विकरात ५६ अंशांवर नमुना रात्रभर मुरवायचा, सकाळी चाळणीतून धुऊन घ्यायचा. खर्च दर नमुन्यामागे वाढतो. पण रक्ताने भरलेल्या मादीसाठी मी हीच पद्धत निवडेन.

कारण खरा शत्रू ते रक्तच. त्यातले हीम डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरची साखळी अडवते. डीएनए नळीत असतो, तरी यंत्र काहीच दाखवत नाही. अशा वेळी द्रावण दहापट पातळ केले की कधीकधी डीएनएची पट्टी उमटते: डीएनए कमी झाला, पण अडथळाही कमी झाला. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपलीच चूक झाली असे वाटते.

म्हणूनच 'जंतू नाही' हा निकाल मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. पद्धत फसली तरी उत्तर तेच येते. आधी गोचिडाचा स्वतःचा १६एस जनुक सापडतो का ते पाहावे. तोही सापडला नाही, तर त्या नळीला जंतूंबद्दल बोलायचा अधिकार नाही. सोबत गोचीड न घातलेली एक नळी पहिल्या पायरीपासून चालवावी. तिच्यात पट्टी दिसली तर सगळा दिवस वाया गेला असे समजून पुन्हा सुरुवात करावी.

अशी पुन्हा सुरुवात करता यावी म्हणून मोठ्या गोचिडाचे पाते फिरवून उभे दोन भाग करतात. एक नळीत जातो. दुसरा, चिठ्ठी लावून, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये.