वयाची सवलत आणि थांबण्याची सवय

महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक पदांसाठी मागासवर्गीय उमेदवाराला वयाच्या ४३ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. २०१६ साली ही मर्यादा वाढली तेव्हा आपल्या अनेक घरांत समाधान वाटले, आणि ते योग्यच होते. घरच्या ओढाताणीत ज्याचे शिक्षण लांबले त्याला ही सवलत हवीच. पण वस्तीवस्तीतून फिरताना आम्हांस एक गोष्ट खटकते. ही सवलत म्हणजे थांबण्याची मुदत, असे आपण धरून चाललो आहोत. मुलगा बी.ए. होतो, अभ्यासिकेत बसतो. जाहिरात निघत नाही. निघाली तर निकाल अडतो, निकाल लागला तर नेमणूक अडते. आई चार घरची धुणीभांडी करून फॉर्मचे पैसे भरते. विचारावे तर उत्तर ठरलेले, "अजून वय आहे की!"

यात मुलाला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. मागच्या पिढीने जे पाहिले तेच तिने शिकवले. ज्या घरात कोणी पोस्टात, रेल्वेत, महापालिकेत लागले ते घर वर आले. १९४३ साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. तिथून आपली वाट रुंद झाली. राखीव जागांचा अनुशेष भरा ही मागणी आजही सोडायची नाही, सोडता कामा नये.

पण बाबासाहेबांनी एवढीच एक वाट दाखवली होती का? मुंबईच्या कापड गिरण्यांचेच घ्या. आपली माणसे गिरण्यांत होती, पण साचेखात्यात, जिथे पगार चांगला, तिथे त्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ती सरकारी नोकरी नव्हती, ते कसबाचे काम होते. चांगल्या मजुरीच्या कसबावर आपला हक्क आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. आज मात्र आयटीआयला जा म्हटले की घरातलेच म्हणतात, "एवढा शिकवला तो काय पाना धरायला?" पान्याची लाज आपण कधीपासून बाळगू लागलो?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे. विद्यावेतन मिळते. कायम करतील याची हमी नसते, हे खरे. काही कारखाने शिकाऊ मुलांना स्वस्त मजूर म्हणून राबवतात, हेही खरे, आणि तिथे भांडावेच लागते. पण प्रमाणपत्र हाती राहते. रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी तिच्या लेव्हल एकच्या भरतीत २० टक्के जागा ठेवलेल्या असतात. अभ्यासिकेतल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

धंद्याचे नाव काढले की आपल्याकडे घाबरतात. भांडवल नाही, ओळख नाही, भीती खोटी नाही. तरीही एक नियम माहीत असावा. केंद्राच्या खात्यांनी व सरकारी कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के माल व सेवा अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योजकांकडून घ्याव्यात, असे धोरण २०१२ पासून आहे. वर्षानुवर्षे हा ४ टक्क्यांचा आकडा गाठला गेला नाही. सरकारची अनास्था त्याला कारण आहेच, पण मागायला जाणारेही थोडेच. गणवेश शिवणाऱ्या आपल्या भगिनी, वायरिंग करणारी मुले, हाऊसकीपिंगची माणसे पुरवणारे, हे सगळे उद्योजकच की! त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी निःशुल्क आहे. तिच्यासाठी एजंट पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

नोकरीचे फॉर्म भरूच नका, असे कोणी समजू नये. फॉर्म भरा, अभ्यास करा, पण हाताला दुसरे काम असू द्या. मुलींच्या बाबतीत तर आम्ही आग्रहाने सांगतो. मुलाला दहा वर्षे थांबू देणारे घर मुलीला दोन वर्षेही देत नाही, तिचे लग्न उरकते. आधी तिचा आयटीआयचा नाहीतर नर्सिंगचा अर्ज भरा.

आणि कागद वेळेत जमवा. जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेतला दाखला, गावच्या जन्ममृत्यू नोंदवहीतला उतारा, जुनी सातबाराची नोंद, यांतले काहीतरी गावी असतेच. मुलगी अकरावीत असतानाच, येत्या सुट्टीत गावी गेलात की, शाळेच्या हेडमास्तरांना रीतसर अर्ज द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.