पुण्याचे काकासाहेब, पंजाबचे राज्यपाल

आजचे गुरुग्राम, फरीदाबाद, रोहतक, सोनीपत आणि पानिपत हा सगळा राष्ट्रीय राजधानी परिसर १९६६ पर्यंत पंजाब राज्यात होता. दिल्लीच्या पश्चिम वेशीपासून पार लाहौल-स्पितीच्या बर्फापर्यंत पसरलेल्या त्या अवाढव्य राज्याचे राज्यपाल १५ सप्टेंबर १९५८ पासून चार वर्षे एक पुणेकर होते. नरहर विष्णू गाडगीळ, म्हणजे आपले काकासाहेब. महाराष्ट्रात त्यांची आठवण निघते ती बहुधा पुण्याच्या राजकारणामुळे, फार तर ‘पथिक’ या आत्मचरित्रामुळे. त्यांची पंजाबमधली वर्षे मात्र निवृत्तीचा मुक्काम समजून बाजूला पडली आहेत. मला ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कठीण वर्षे वाटतात.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी मध्य भारतातल्या मल्हारगडचा. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२० मध्ये वकिलीची पदवी हाती आली आणि त्याच वर्षी ते काँग्रेसच्या कामात शिरले. पुढे आठ वेळा तुरुंगवास झाला. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहात, अस्पृश्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून, ते उभे राहिले. ब्राह्मणेतर चळवळीतले नेते केशवराव जेधे यांच्याशी त्यांची जी जोडी जमली, तिने महाराष्ट्राचे राजकारण पालटले. टिळकांनंतरची पुण्याची काँग्रेस मूठभर ब्राह्मण वकिलांची आणि संपादकांची, असा समज होता आणि तो निराधार नव्हता. ब्राह्मणेतर चळवळीतला बहुजन समाज या जोडीमुळे काँग्रेसकडे वळला. पुढच्या काळात महाराष्ट्रात काँग्रेस खेड्यापाड्यांत पोचली, त्याचा पाया इथे घातला गेला.

१९३४ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले आणि दिल्लीशी त्यांचा घरोबा सुरू झाला. ऑगस्ट १९४७ मध्ये नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे आली. फाळणीने दिल्ली निर्वासितांनी भरून गेली होती आणि ऑक्टोबरअखेर काश्मीरमध्ये लढाई पेटली. जम्मूला जाणारी जुनी वहिवाट सियालकोटहून होती आणि सियालकोट आता पाकिस्तानात गेले होते. उरली ती पठाणकोटहून जाणारी, नद्या-नाल्यांनी जागोजाग तोडलेली कच्ची वाट. तिचा लष्कराच्या गाड्या पेलणारा, सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता करून देण्याची जबाबदारी काकासाहेबांच्या खात्यावर पडली आणि ती काही महिन्यांत पार पडली. नकाशात ही रेघ एवढीशी दिसते, पण भारतातून काश्मीरला जाणारा खुष्कीचा मार्ग तेवढाच होता.

विजेच्या बाबतीतही त्यांनी पायाभूत काम केले. १९४८ चा वीजपुरवठा कायदा त्यांनीच सभागृहात मांडला. राज्य वीज मंडळे त्याच कायद्यातून निघाली, म्हणजे खेड्यातल्या पहिल्या दिव्यामागे कुठेतरी हा कायदा आहे. दामोदर खोरे महामंडळाचे विधेयकही त्यांचेच. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल जुनागढला गेले तेव्हा काकासाहेब सोबत होते. भग्न सोमनाथासमोर पुनर्बांधणीचा संकल्प सोडला गेला, त्यात त्यांचा पुढाकार होता. पटेलांवर त्यांची निष्ठा होती. पटेल डिसेंबर १९५० मध्ये गेले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतरच्या मंत्रिमंडळात काकासाहेबांना जागा नव्हती.

दिल्लीकर मराठी माणसांसाठी मात्र ते घरचे वडीलधारे राहिले. १९५४ मध्ये दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, उद्घाटक नेहरू आणि स्वागताध्यक्ष काकासाहेब. राजधानीत पुढचे संमेलन भरायला २०२५ साल उजाडावे लागले.

मग आला भाषावार राज्यांचा प्रश्न. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारला आणि त्याच अहवालात अकाली दलाची पंजाबी सुभ्याची, म्हणजे पंजाबी भाषकांच्या राज्याची, मागणीही फेटाळली. काकासाहेब लोकसभेत संयुक्त महाराष्ट्रासाठी कळकळीने बोलले, पण पक्ष सोडला नाही. लोकांना तेवढे पुरले नाही. १९५७ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत ना. ग. गोरे निवडून आले आणि काकासाहेब पडले. मराठी राज्य मागणारा माणूस मराठी राज्याच्या मागणीतच वाहून गेला.

वर्षभराने ते राज्यपाल म्हणून चंडीगडला पोचले. शहराचा वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए याच्या आराखड्यात तिथे राज्यपालांसाठी भव्य प्रासाद होता. तो लोकशाहीला शोभणारा नाही असे नेहरूंचे मत पडले आणि तो कधी बांधलाच गेला नाही. राज्यपाल साध्या इमारतीत राहिले. खरी सत्ता तर मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांच्या हातात होती. करारी, कामाला वाघ आणि विरोध न सोसणारा हा गडी होता. घटनेप्रमाणे राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे. जन्मभर मोर्चे काढलेल्या आणि तुरुंग भोगलेल्या माणसाला ही शिस्त किती जड गेली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

१ मे १९६० रोजी मुंबईत महाराष्ट्र राज्याचा मंगल कलश आला. त्याच महिन्यात पंजाबात सुभ्याचा मोर्चा उठला आणि अकाली नेते मास्टर तारासिंग यांना अटक झाली. १२ जूनला दिल्लीत अकाली आंदोलक आणि पोलीस यांच्यात झटापटी झाल्या. त्या हिवाळ्यात दुसरे अकाली नेते संत फतेहसिंग यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९६१ ला तारासिंग उपोषणाला बसले आणि ते ४८ दिवस चालले. ज्या तत्त्वासाठी काकासाहेब संसदेत झगडले होते, त्याच तत्त्वासाठी लोक तुरुंगात जात होते आणि तुरुंगात टाकणारे सरकार त्यांच्याच नावाने चालत होते. पंजाबचा प्रश्न भाषेइतकाच धर्माचा मानला जात होता हे खरे, नेहरूंची मुख्य हरकत तीच होती. तरीही मराठीला लावलेला न्याय पंजाबीला का नाही, हा सवाल एका मराठी राज्यपालाच्या दारात उभा होता. पदावर राहून त्याचे उत्तर जाहीरपणे देण्याची सोय त्यांना नव्हती. याच काळात, १४ जानेवारी १९६१ रोजी, पानिपतच्या रणसंग्रामाला २०० वर्षे झाली. मराठ्यांचे ते रण तेव्हा पंजाबच्या कर्नाल जिल्ह्यात, म्हणजे याच मराठी राज्यपालाच्या राज्यात होते.

१ ऑक्टोबर १९६२ ला कार्यकाळ संपवून ते महाराष्ट्रात परतले. त्याच वर्षी साताऱ्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, पुढे १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद. १२ जानेवारी १९६६ रोजी, सत्तरी पूर्ण होऊन दोन दिवस होतात न होतात तोच, त्यांचे निधन झाले. आदल्याच दिवशी ताश्कंदहून लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूची बातमी आली होती आणि देश त्या शोकात होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पंजाबी सुभा अस्तित्वात आला. गुडगाव, रोहतक आणि पानिपतसह कर्नाल नव्या हरियाणात गेले.