पानिपत आपण जिंकलो होतो

कार्तिकातली गोष्ट आहे. आमच्या शिरूर कासार भागात हा काळ गावे अर्धी रिकामी होण्याचा असतो. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात आणि घरांतून मागे राहतात ती म्हातारी माणसे व लेकरे. दवाखान्यातही मग बहुतेक पांढरे केसच दिसतात. अशाच एका सकाळी सिंदफणेकाठच्या एका गावातून एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक. पंचक्रोशी त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखते. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ती एकटीच आत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मामांचं काहीतरी बिघडलंय. परवा शेजारच्या पोराला सांगायलेत, पानिपतात आपण जिंकलो होतो. विश्वासरावाला गोळी लागलीच नाही म्हणतेत. ह्यांना फोन केला, तर हे म्हणले, डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं लागंल."

१४ जानेवारी १७६१ ही तारीख ज्याने पस्तीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली, त्या माणसाने असे बोलावे, याची तिला धास्ती वाटली. ती वाटणे स्वाभाविक होते. मला मात्र प्रथम हसू आले आणि दुसऱ्याच क्षणी वाईट वाटले.

गुरुजींना आत बोलावून मी मोठ्याने विचारले, "गुरुजी, गंगाधरपंत परत आले का शेवटी?"

त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही वाचलंय?" त्यांनी विचारले. त्या दोन शब्दांत बऱ्याच वर्षांचा एकटेपणा होता.

डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा अनेक वाचकांना आठवत असेल. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे विश्वासरावांचा जीव वाचला आहे, पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे आणि पुढचा सारा इतिहासच वेगळा घडला आहे. गुरुजी शेजारच्या मुलाला ही कथा सांगत होते. घरात ती कुणी वाचलेली नव्हती, म्हणून ऐकणाऱ्याला तो भ्रम वाटला.

मी त्यांना तपासले. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. वर्षभरापासून अक्षर दिसत नव्हते, म्हणून वाचन थांबले होते. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेल्या होत्या. नीट ऐकू येत नसल्याने प्रश्न एक आणि उत्तर दुसरे, असे होई. वाचता येत नाही, तेव्हा पूर्वी वाचलेले आठवून कुणाला तरी सांगायचे, एवढाच विरंगुळा उरला होता. मी विचारले, "गुरुजी, हे खरंच घडलं, की गोष्टीत?" मठ्ठ विद्यार्थ्याकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "गोष्टीत, डॉक्टर."

काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न लक्षात ठेवावा. ज्याला गोष्ट आणि वास्तव यांतली सीमारेषा ठाऊक आहे, तो विज्ञानकथेचा चाहता आहे, रुग्ण नव्हे. चिंता करावी ती वेगळ्या लक्षणांची. तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, पायाखालच्या वाटेवर चुकणे, पैशांचा साधा हिशेब न जमणे, जेवल्याचे विसरणे, स्वभावात अकारण बदल होणे, ही लक्षणे काही महिने हळूहळू वाढत असतील, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्यावी. आणि एक-दोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसरात्रीचे भान सुटले, तर क्षणाचाही विलंब करू नये. त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, अथवा नव्याने सुरू केलेले एखादे औषध असू शकते. वेळीच उपचार झाले, तर असा माणूस बहुधा पूर्ववत होतो.

गुरुजींच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते. परंतु जे होते तेही क्षुल्लक मानू नये. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ बाबी नमूद केल्या. त्यांत कमी ऐकू येणे, दृष्टिदोषावर उपचार न होणे, नैराश्य आणि एकाकीपणा या चारही बाबी आहेत. गुरुजींच्या घरी त्यांतल्या तीन तरी उंबरठ्यावर येऊन बसल्या होत्या.

संक्रांतीला त्यांचा मुलगा गावी आला, तेव्हा मला भेटला. माणूस कष्टाळू आणि वडिलांवर माया असलेला. तो म्हणाला, "डॉक्टर, या वयात हरिपाठ वाचावा, सप्ताहाला बसावं. हे यंत्रमानव अन् परग्रहावरची माणसं कशाला?" वास्तविक गुरुजी सप्ताहालाही बसतात आणि हरिपाठ त्यांना मुखोद्गत आहे. एका आवडीने दुसरी आवड हद्दपार होत नसते. राहिला प्रश्न उपयोगाचा. नारळीकरांची 'पुत्रवती भव' नावाची कथा आहे. मुलगाच व्हावा याची हमी देणारे औषध सापडले, तर समाजाचे काय होईल, हा तिचा विषय. ती प्रसिद्ध होऊन बरीच वर्षे लोटली. औषध नव्हे, पण सोनोग्राफीचे यंत्र आले. २०११च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या. २००१ साली तोच आकडा ८९४ होता. एवढे सांगितल्यावर तो मुलगा बराच वेळ बोलला नाही. त्याच्याच भावकीत लग्नाची वये उलटून गेलेली मुले आहेत.

हे सारे मी त्रयस्थपणे सांगतो आहे असे कुणी समजू नये. मीही याच आवडीचा माणूस आहे. शाळकरी वयात भा. रा. भागवतांच्या लेखणीतून ज्यूल व्हर्न भेटला, पुढे नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. आमच्या घरात ही नावे कुणाला ठाऊक नव्हती. लग्नकार्यात सारे मामा-काका भाव, पाऊस आणि सोयरिकी यांवर बोलत असत आणि मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे. "डॉक्टर झाला, पण पोरपण गेलं नाही," हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे.

पण दोष एकट्या नातेवाइकांचा नव्हता. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, दिवाळीतल्या अमावास्येला, सूर्यग्रहण होते. पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून मी भिंतीवर सूर्याची प्रतिमा पाडली आणि साऱ्या घराला बोलावले. आई आली नाही. गर्भवती वहिनीला घेऊन ती दार लावून आत बसली होती. मी पाहुण्यांसमोर तिला चार शब्द सुनावले. ग्रहणाने गर्भाला अपाय होत नाही, हे मी तेव्हा सांगितले आणि आजही प्रत्येक गर्भवतीला सांगतो. त्यात तडजोड नाही. परंतु त्या दिवशी मी आईचे भय समजून घेतले नाही, तिचे अज्ञान तेवढे चारचौघांत मांडले. त्यानंतर कित्येक वर्षे तिने माझ्या पुस्तकांविषयी एक अक्षरही विचारले नाही.

नारळीकरांच्या 'धूमकेतू' कथेतला हौशी खगोलनिरीक्षक मला म्हणूनच जवळचा वाटतो. रात्र-रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणाऱ्या नवऱ्यावर त्याची बायको रुसलेली असते. त्याने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळू नये म्हणून शास्त्रज्ञ धडपडतात आणि इकडे त्याच्या घरात शांतियज्ञ होतो. संकट टळल्यावर बायकोच्या मते श्रेय यज्ञाचे! पूर्वी मला ही कथा बायकोच्या अंधश्रद्धेवरची वाटे. आता वाटते, एकाच छपराखाली राहूनही दोघे एकमेकांना किती कमी सांगतात, त्याचीही ती गोष्ट आहे.

खुद्द नारळीकरांच्या घरातला एक प्रसंग याच्या अगदी उलट आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव तयार केले होते. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून दिली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मंगलाताई स्वतः गणिताच्या विदुषी. त्यांचे क्षेत्र निराळे, तरी त्यांनी आपले अक्षर दिले. घरातल्या माणसाकडून खरे तर एवढेच हवे असते. आवड सारखी असावी लागत नाही, हात पुढे यावा लागतो.

तो हात कसा पुढे करावा, हे थोडक्यात सांगतो.

प्रथम कान आणि डोळे तपासून घ्यावेत. कानात पिन वा काडी घालू नये, मळ डॉक्टरांकडूनच काढावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते. "आता या वयात कशाला" म्हणून ती टाळू नये. वाचायला खिडकीजवळची जागा, मागून येणारा प्रकाश आणि मोठ्या टाइपाचे पुस्तक द्यावे. डोळे साथ देत नसतील, तर मोबाइलवर ऐकण्याची पुस्तके मिळतात. शाळकरी नातवंडाने रोज दहा मिनिटे वाचून दाखवले, तर त्याचेही वाचन सुधारते. आणि दिवसातून एकदा विचारावे, "आज काय वाचलंत?" उत्तर पूर्ण कळले नाही तरी चालते.

चाहत्यांनाही एक पथ्य आहे. दिवसभर राबून दमलेल्या सुनेला कृष्णविवर समजावून सांगू नये. आधी तिचे ऐकावे. तिच्या मालिकेला, तिच्या भजनाला नावे ठेवू नयेत. आपल्या आवडीला मान हवा असेल, तर तो दुसऱ्याच्या आवडीला आधी द्यावा लागतो. मला हे उशिरा कळले. आईच्या अखेरच्या आजारपणात मी रात्री तिच्या उशाशी बसून तिला हरिविजय वाचून दाखवत असे. एके रात्री पोथी मिटल्यावर तिने आपण होऊन विचारले, "तुझ्या त्या पुस्तकात काय असतं रे?" मी सांगितले. तिला ते फारसे रुचले नाही, पण पुढे रोज तिने विचारले.

गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया आता झाली आहे. मधल्या काळात ते कथासंग्रह सुनेने त्यांना वाचून दाखवले. स्वयंपाक आवरला की रोज दोन पाने. औषधे न्यायला आली, तेव्हा मी तिला विचारले, "आवडलं का गंगाधरपंतांचं पानिपत?" ती म्हणाली, "नाही बा. लोक अंगावर धावून आले अन् माणूस आपल्या जगात परत, असं कुठं असतंय का? मामांना तसं सांगितलं. तर दोन दिस झाले, मला समजावून सांगायलेत."

गुरुजी बाहेरच्या बाकावर बसले होते. कान साफ झालेले असल्याने त्यांना सारे ऐकू आले होते.