व्हायोलिनच्या मायक्रोफोनात ड्रमचा शिरकाव

ड्रमसेटच्या शेजारी उभ्या असलेल्या व्हायोलिनवादकाचा आवाज वाढवू गेले की व्हायोलिनऐवजी झांजांचाच खणखणाट सभागृहात उसळतो, कारण मायक्रोफोनच्या पटलावर आदळणारी प्रत्येक ध्वनिलहर त्याच्या दप्तरी सारखीच दाखल होते. यावर सर्वांत खात्रीचा इलाज अंतराचा आहे: मायक्रोफोन वाद्यापासून ४० सेंटिमीटरांवरून १० सेंटिमीटरांवर आणला, तर वाद्याचा ध्वनी तत्त्वतः १२ डेसिबलने वाढतो, आणि दूरच्या ड्रमचा मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो.

त्यानंतर दिशेचा विचार. कार्डिऑइड मायक्रोफोन थेट पाठीमागच्या बाजूला बधिर असतो. सुपरकार्डिऑइड मात्र समोरच्या अक्षापासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणून वादकाला स्वतःचा आवाज ऐकविणारा मॉनिटर ध्वनिवर्धक त्याच्या नेमका मागे ठेवणे हे गोंगाटाला दार उघडून देणेच होय.

१९७४ साली ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन वाद्यवृंदाने ध्वनिवर्धकांची अजस्र भिंत आपल्याच पाठीशी उभारली, तेव्हा प्रत्येक गायकापुढे दोन मायक्रोफोन विरुद्ध ध्रुवतेने जोडण्याची तजवीज केली होती. दोहोंत समान शिरणारा कल्लोळ परस्परांना छेदून जाई, आणि गायक एकाच्याच तोंडाशी गात असल्याने त्याचा स्वर तेवढा उरे. ही युक्ती मला अत्यंत मनोहर वाटते.

व्हायोलिनच्या घोडीवर बसविलेला पिझो पिकअप लाकडाचाच कंप उचलतो, त्यामुळे बाहेरच्या ध्वनीला तेथे बहुतांशी मज्जाव असतो. परंतु वाद्याच्या पोकळीतील हवेचा गोडवा त्यात येत नाही, यास्तव जाणते ध्वनिसंयोजक त्यात मायक्रोफोनचा अल्प अंश मिसळतात.